अर्ध्या दिवसाचा समुद्र

सहलीच्या तिकिटावर ‘भोजनासहित’ असे छापलेले होते आणि घरात सर्वांत अधिक चर्चा झाली ती याच एका शब्दाची. मुलाने फ्लोरिडातील आपल्या घरी बसून डिसेंबरच्या सुट्टीचा बेत आखला होता. मायामीहून विमानाने दीड तासाच्या अंतरावर कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन हे बेट, आणि तेथे एका सकाळी नावेतून अर्ध्या दिवसाची सफर. नाव तीन ठिकाणी थांबणार, प्रवासी पाण्यात उतरून मासे व प्रवाळ पाहणार आणि दुपारी किनाऱ्यावर जेवण. सांगली जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “जेवणात काय असेल?” मुलगा हसला, पण सुनेने त्याच रात्री पिठाचा डबा काढला. दुधात कणीक भिजवून दशम्या झाल्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी झाली. भोजनाचा प्रश्न सुटला.

खरा प्रश्न पुढेच होता. चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आजींनी आयुष्यभर गाळल्यावाचून पाणी प्यायलेले नाही. माहेरी आडावरून आणलेले पाणी दुहेरी वस्त्रातून गाळायचे आणि गाळण्यातील ‘जिवाणी’ पुन्हा त्याच आडात अलगद सोडायची, हे काम लहानपणी त्यांच्याकडे असे. पाणी स्वतःच जीव आहे, अप्कायिक आहे, ही श्रद्धा त्यांच्या रोजच्या हालचालीत मुरलेली आहे. केवळ गंमत म्हणून समुद्रात उतरायचे, हात-पाय मारायचे, ही कल्पना त्यांना रुचली नाही. “मी नावेत बसेन, तुम्ही उतरा,” असे त्यांनी सांगून टाकले. मुलाने आग्रह केला नाही. सुनेने मात्र पूर्ण बाह्यांचा, पायघोळ असा पोहण्याचा पोशाख गुपचूप पिशवीत ठेवला. अंगभर कपडा असला की उन्हासाठी लेप लावावा लागत नाही, आणि काही लेपांतील रसायने प्रवाळाला घातक ठरतात, हे तिने कोठेतरी वाचले होते.

नाव सकाळी नऊला सुटली. चढताना सर्वांची पादत्राणे एका पेटीत ठेवून घेतली. मंदिराच्या पायरीवर आल्यासारखे आजींना वाटले. नावेचा चालक साठीच्या पुढचा, बेटावरचाच रहिवासी होता. त्याने निघण्यापूर्वी नियम सांगितले. प्रवाळावर उभे राहायचे नाही, त्याला हात लावायचा नाही. तारामासा पाण्याबाहेर काढायचा नाही. छायाचित्राच्या हौसेपायी काही क्षण वर धरला तरी तो मरू शकतो. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकायचे नाही, वाळूतून घासत पुढे न्यायचे, म्हणजे तळाशी पहुडलेला जीव दुखावत नाही आणि आपल्यालाही इजा होत नाही. आजींनी नातवाकडे पाहिले. ईर्यासमितीचा पाठ त्यांनी त्याला अनेकदा दिला होता. आज तोच पाठ एका परक्या माणसाच्या तोंडून, परक्या भाषेत ऐकू येत होता.

पहिला थांबा होता नॉर्थ साउंड या विस्तीर्ण खाडीच्या मुखाशी, प्रवाळभिंतीच्या आतल्या वाळूच्या उंचवट्यावर. समुद्राच्या मध्यभागी असूनही पाणी कमरेएवढेच. नाव थांबते न थांबते तोच काळसर, चपट्या सावल्या चहूबाजूंनी सरकत आल्या. कोकणात ज्यांना पाकट म्हणतात, ते हे जीव. डोळे पाठीवर, तोंड पोटाकडे, लांब शेपटीच्या बुडाशी विषारी काटा. मादी चांगली चार-पाच फूट रुंद होते आणि अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते. मुलगा व सून उतरले. दहा वर्षांचा नातू मात्र शिडीच्या शेवटच्या पायरीवर थबकला. त्याचे ओठ थरथरत होते. “आजी, तू आलीस तर मी येईन,” तो म्हणाला.

आजींनी क्षणभर डोळे मिटले. कृष्णाकाठच्या गावात, पाठीला वाळका भोपळा बांधून, त्या वयाच्या सातव्या वर्षी पोहायला शिकल्या होत्या. तेव्हा काठावर त्यांचीही आजी बसलेली असे. पाच मिनिटांनी सुनेचा तो पोशाख घालून, मनातल्या मनात णमोकार म्हणत, त्यांनी नातवाचा हात धरला आणि पाण्यात पाऊल टाकले.

तेवढ्यात नावेवरच्या तरुण मदतनिसाने बादली खाली दिली. बादलीत म्हाकुळाचे तुकडे होते. पाकटांना ते भरवायचे, मग ती अंगाला अंग घासत जवळ येतात आणि छायाचित्र छान निघते. एक तुकडा त्याने नातवाच्या तळहातावर ठेवलाही. मुलाने बोलायला तोंड उघडले, पण त्याआधीच नातवाने आजीकडे वळून विचारले, “आजी, हे भुकेले आहेत ना? भुकेल्याला खायला देणं म्हणजे पुण्य, असं तूच सांगतेस. मग देऊ?”

प्रश्न सरळ होता आणि उत्तर सरळ नव्हते. ‘छी, टाकून दे’ असे म्हणणे सोपे होते. परंतु ज्या मुलाला शाळेत डब्यावरून रोज काहीतरी ऐकावे लागते, त्याला ‘आपण असले करत नाही’ एवढे सांगून भागत नाही, हे आजी जाणून होत्या. तो अशाच उत्तरांना कंटाळू लागला होता. आजी म्हणाल्या, “थांब. मला विचार करू दे.” नातवाने तुकडा बादलीत परत ठेवला. दोघे रिकाम्या हातांनी तशीच उभी राहिली. एक मोठी मादी आली, मखमलीसारखी कड आजींच्या घोट्यांवरून फिरवत पुढे गेली, वळून पुन्हा आली, हातांत काही नाही असे कळताच निघून गेली. नातू या वेळी घाबरला नाही.

चालक कठड्यावर टेकून हे पाहत होता. आजींनी त्याला विचारले, हे जीव येथे इतके कसे? त्याने सांगितले ते असे. पूर्वी कोळी परतताना या संथ पाण्यात नाव थांबवून मासे साफ करीत आणि टाकाऊ भाग पाण्यात टाकीत. त्या वासाने पाकटे येऊ लागली. पुढे 1980 च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हाताने भरवायला सुरुवात केली, आणि नावेच्या यंत्राचा आवाज म्हणजे अन्न, हे समीकरण त्यांच्यात पक्के झाले. एरवी पाकट हा एकट्याने हिंडणारा आणि बहुधा रात्री अन्न शोधणारा जीव. येथे मात्र ती दिवसा, घोळक्याने वावरतात. अभ्यासकांनी त्यांचे रक्त तपासले तेव्हा रानटी पाकटांच्या तुलनेत त्यांत फरक आढळले. आता त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, पाण्याबाहेर उचलण्यास मनाई आहे. पण भरवणे चालू आहे, कारण त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात. “माझीसुद्धा,” असे तो प्रांजळपणे म्हणाला.

दुसरा थांबा प्रवाळांचा. तोंडावर काच व तोंडात श्वासाची नळी घेऊन आजींनी पाण्यात चेहरा बुडवला आणि काही वेळ जगाचा आवाज नाहीसा झाला. खाली जांभळे समुद्रपंखे लाटेसरशी डुलत होते. मेंदूसारख्या वळ्यांची प्रवाळे होती, वर्षाला काही मिलिमीटरच वाढणारी. म्हणजे समोरचा हातभर गोळा आजींहून वडील असावा. निळे मासे थव्याने जात होते. मध्येच करकर असा आवाज आला. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडून शेवाळ खात होता. त्या खरवडीतील चुनखडीचे पीठ होऊन त्याच्या पोटातून बाहेर पडते आणि कॅरिबियन किनाऱ्यांच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो.

आपल्या शास्त्रांत प्रवाळाची गणना पृथ्वीकायिक जिवांत केली आहे. आजींच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते इवल्या प्राण्यांची वसाहत होते. त्या प्राण्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते, त्यांना अन्न आणि रंग देते व त्यांच्याकडून आसरा घेते. वर्गीकरणाचा वाद आजींनी तेथे घातला नाही. डोळ्यांना जेथे दगड दिसतो तेथे जीव आहे, एवढे दोन्हीकडून सांगितलेले होते, आणि ते आज त्यांना दिसत होते. आईच्या गळ्यातील पोवळ्यांची माळ त्यांना आठवली. पोवळे जातीने वेगळे, समुद्रही वेगळा. तरी तो मणी एके काळी कोणाचे तरी घर होता, हा विचार साठ वर्षांत प्रथमच मनात आला.

सारेच प्रवाळ रंगीत नव्हते. काही ठिकाणी पांढरी हाडे पसरल्यासारखी होती. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकते, रंग जातो, आणि उष्णता टिकली तर ते उपासमारीने मरते. 2023 च्या उन्हाळ्यात या समुद्राने तसा ताप सोसला होता. त्याआधी 2020 मध्ये प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा एक रोगही या बेटाच्या उत्तरेस आढळला होता. कोलंबसाने 1503 मध्ये ही बेटे प्रथम पाहिली तेव्हा कासवांच्या विपुलतेवरून त्यांना कासवांची बेटे असे नाव दिले होते. पुढे जहाजांनी ती कासवे इतकी नेली की ती विपुलता नावापुरतीच राहिली.

तारामाशांचा तिसरा थांबा थोडक्यात आटोपला. सर्वांनी ते पाण्यातच पाहिले, आणि नाव भोजनासाठी किनाऱ्याला लागली.

मांडवात भाजलेले मासे, कोंबडी, शंखाच्या मांसाची भजी, नारळाच्या दुधातील भात व घेवडा, तळलेली केळी असा थाट होता. भात पाहून सुनेला आशा वाटली. तिने आचारीणबाईंना विचारले. त्या बाईंनी हातातील डाव खाली ठेवला आणि स्पष्ट सांगितले की भातात कांदा आहे आणि चवीसाठी खारवलेले मांसही घातले आहे. आजींनी तो घेऊ नये. आजींनी दशमीचा डबा उघडला. थोड्या वेळाने त्याच बाई स्वच्छ धुतलेल्या सुरीने, वेगळ्या पाटावर कापलेली पपई, केळी आणि अननस घेऊन आल्या. जेवणाचे पैसे भरलेल्या पाहुणीने उपाशी जाऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. आजींनी त्यांना दशमी दिली. बाईंनी ती तिथेच उभ्याने खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.

शेजारी विक्रीला गुलाबी ओठांचे मोठे शंख मांडले होते. प्रत्येकाच्या शेंड्याजवळ एक चीर होती. आतला जीव शंखाला घट्ट धरून असतो. ती चीर पाडून सुरीने त्याला सोडवतात, असे चालकाने सांगितले. शंख म्हणजे द्वींद्रिय जीव, आणि शंख म्हणजे भगवान नेमिनाथांचे लांछन. वरातीसाठी बांधलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून रथ मागे फिरवणाऱ्या त्या प्रभूंचे. आजींनी बोट त्या चिरेवर टेकवले व लगेच मागे घेतले. चालकाने आपणहून सांगितले की मे ते ऑक्टोबर येथे शंख काढण्यास बंदी असते, आणि 1992 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. या समुद्रालाही आपला एक चातुर्मास आहे तर, असे आजींच्या मनात आले.

परतीच्या वाटेवर नातवाने आठवण करून दिली, “आजी, उत्तर राहिलं.”

“राहिलं खरं,” आजी म्हणाल्या. “भुकेल्याला द्यावं, हे आजही खरं आहे. पण देताना दोन गोष्टी विचाराव्या. कोणाच्या जिवावर देतोय, आणि कोणासाठी देतोय. बादलीतलं म्हाकूळही जीवच होतं. आणि तो तुकडा पाकटाच्या भुकेसाठी होता की आपल्या फोटोसाठी?” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “आपण गावी कबुतरांना ज्वारी टाकतो, नदीत माशांना कणकेचे गोळे टाकतो. तेव्हाही हे विचारायला हवं होतं. मी कधी विचारलं नाही.”

नातू बराच वेळ पाण्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “पण आपण पाण्यात उतरलो, ते तरी कोणासाठी? आपल्यासाठीच ना?”

मुलाने दटावण्यासाठी मान वळवली. आजींनी त्याला हाताने थांबवले. “हो,” त्या म्हणाल्या. “आपल्यासाठीच. त्याची आलोचना मी आज करणार आहे.”

त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून आजी हॉटेलच्या खोलीत आसन घालून बसल्या. समुद्राकडची खिडकी उघडी होती. दिवसभरात जाणता-अजाणता ज्यांना पीडा झाली त्या जिवांची त्या एकेक करून क्षमा मागत होत्या: पाण्याच्या, वाळूत दडलेल्यांच्या, ज्यांची नावे माहीत नाहीत अशांच्या. नातू केव्हा शेजारी येऊन बसला ते त्यांना कळले नाही. या वेळी त्याला कोणी बोलावले नव्हते. त्यांचे संपल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, “आजी, दुसऱ्या ठिकाणी माझा पाय प्रवाळाला लागला होता. एक तुकडा मोडला. मी कोणाला सांगितलं नाही.”

आजींनी त्याला जवळ घेतले नाही, रागावल्याही नाहीत. आसनावर थोडे सरकून त्यांनी जागा केली. नातवाने हात जोडले आणि तो मोडलेला तुकडा धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.