बोलिंग ग्रीन : गाड्यांची पंढरी

नॅशव्हिलहून उत्तरेकडे जाणारा आय-६५ महामार्ग धरला की तासाभरात केंटकी राज्यातलं बोलिंग ग्रीन लागतं. अमेरिकेला जाणारी आपली मंडळी न्यूयॉर्क, नायगारा करून परततात. या गावाचं नाव कुणाच्या यादीत नसतं. पण ज्याला गाड्यांचं वेड आहे, त्याच्यासाठी ही पंढरीच. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९८१ पासून इथे बनते. कारखान्याजवळच तिचं संग्रहालय आहे. बॅरन नदीकाठी बीच बेंडची ड्रॅग स्ट्रिप आहे. आणि नायट्रस ऑक्साइडच्या किटसाठी जगभर ओळखला जाणारा 'एनओएस' हा ब्रँड ज्या होली कंपनीकडे आहे, तिचं मुख्यालयही याच गावात.

कामानिमित्त मी नॅशव्हिलला होतो, तेव्हा माझ्या बेळगावच्या मित्राबरोबर इथे गेलो. त्याच्याकडे फोर्ड मस्टँग आहे : २.३ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३१० हॉर्सपॉवर. त्याला तिच्यात नायट्रस बसवायचं होतं. निघताना वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, याच गाडीत मागे आमची छकुली बसते, तेवढं लक्षात असू द्या."

आधी संग्रहालय पाहिलं. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे इथल्या एका दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. हा सगळा प्रदेश चुनखडीचा. पाण्याने खडक विरघळून खाली पोकळ्या तयार होतात. जगातली सर्वांत लांब गुहा, मॅमथ केव्ह, इथून जवळच आहे. खड्ड्यातून काढलेल्या, चेपलेल्या गाड्या तशाच मांडून ठेवल्या आहेत. वरून चकाचक फरशी, खाली पोकळी. मित्र त्या गाड्यांसमोर बराच वेळ उभा होता.

संध्याकाळी बीच बेंड. सरावाच्या दिवशी पैसे भरून कुणीही आपली रोजची गाडी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळवू शकतो. त्याआधी गाडीची तपासणी होते. १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागणार असेल तर हेल्मेट सक्तीचं. नायट्रस असेल तर बाटली पक्की बांधलेली हवी, तिच्यावर मान्यतेचा शिक्का हवा आणि ती प्रवाशांच्या भागात असेल तर जादा दाबाचा वायू गाडीबाहेर नेणारी नळी हवी.

मित्राने तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीनंतर एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर ६० फुटांना किती वेळ लागला, ३३० फुटांना किती, असं टप्प्याटप्प्याने छापलेलं असतं. शेजारी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आपल्या गाडीचे प्लग तपासत होते. मित्राने विचारलं, "पन्नासचं किट घेऊ की शंभरचं?" त्यांनी चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. पुढे गाडी छान पळत होती. वेळ जात होता तो पहिल्या ६० फुटांत. आम्ही सॉफ्टवेअरवाले जे रोज म्हणतो, तेच ते सांगत होते : आधी मोजा, मग बदला.

टर्बो फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो आणि कमी आरपीएमला तो नसतो. नायट्रस ही उणीव भरून काढतं. ते स्वतः जळत नाही. त्यातला ऑक्सिजन जादा इंधन जाळतो. वजनाने हवेत सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६. बाटलीतून बाहेर पडताच ते उणे ८८ अंशांना उकळतं, त्यामुळे आत जाणारी हवाही गार होते. पण इंधन कमी पडलं तर उष्णता वाढून पिस्टन वितळतो.

म्हणून खरी निवड हॉर्सपॉवरची नाही, इंधन कुठून येणार याची. 'ड्राय' किट फक्त नायट्रस सोडतं. जादा इंधन गाडीच्याच इंजेक्टरने द्यायचं. या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं आणि त्या पंपाला मर्यादा आहे. 'वेट' किट नायट्रससोबत इंधनही सोडतं. मात्र त्याचा नोझल इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटलजवळच हवा. नाहीतर इंधन इंटरकूलरमध्ये साचून भडका उडू शकतो.

महिनाभराने मित्राने ठरवलं : वेट किट, सगळ्यात लहान ३५ हॉर्सपॉवरचा जेट. ३००० आरपीएमच्या खाली ते सुरूच होणार नाही, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय नाही, इंधनाचा दाब घसरला तर लगेच बंद. टर्बोचा दाब ठरावीक पातळीला पोचला की प्रेशर स्विच नायट्रस तोडेल. तिथून पुढे टर्बो समर्थ आहे. या सगळ्या स्विचांचा खर्च मोठ्या किटमधून वाचलेल्या पैशांतून निघाला. शेवटची अट वहिनींची : चाइल्ड सीट गाडीत असेल तेव्हा बाटली गाडीत नसेल. बाटली एरवी गॅरेजमध्ये उभी बांधलेली असते, व्हॉल्व्ह बंद करून.

इंदूर, बडोद्याच्या तरुण दोस्तांनो, आपल्याकडे हे रस्त्यावर करण्याजोगं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. पण बघायला जरूर जा. सप्टेंबरात होलीचा एलएस फेस्ट बीच बेंडलाच भरतो, तेव्हा गावभर इंजिनांचा आवाज असतो. ट्रॅकला लागूनच जत्रेसारखं पार्क आहे. तिथल्या 'केंटकी रंबलर' या लाकडी रोलर कोस्टरवर मुलं रमतात, आणि तोवर मोठ्यांना चिठ्ठ्यांवरचे आकडे वाचायला निवांत वेळ मिळतो.