रफाराची इस्त्री

गॅदरिंगच्या टी-शर्टवर पाठीमागे जे नाव आणि नंबर असतात, ते बऱ्याच वेळा छापलेले नसतातच. चिकटवलेले असतात. म्हणून तर चौथ्या धुण्यानंतर आपल्या विंगमध्ये 'अरे, माझ्या आठाचा तीन झाला!' अशी बोंब ऐकू येते. त्या चिकटवायच्या शीटला हीट ट्रान्सफर व्हिनाइल म्हणतात. हेच व्हिनाइल वापरून मी माझ्या भाचीच्या बारशाचं झबलं केलं. 'मेकॅनिकलला जाऊन शेवटी शिवणकाम?' असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांच्यासाठी हा लेख. (आणि रेक्टर सर, इस्त्री घरची होती. रूमवर नव्हती.)

शीटला तीन थर असतात. वर पारदर्शक प्लास्टिकची कॅरियर शीट, मध्ये पॉलियुरेथेनची रंगीत फिल्म आणि खाली गरम केल्यावर वितळणारा गोंद. गोंद वितळतो, सुताच्या धाग्यांमध्ये शिरतो आणि गार झाल्यावर तिथेच घट्ट होतो. रासायनिक जादू वगैरे काही नाही, धाग्याला मारलेली मिठी आहे. ही शीट आणि गाडीच्या नंबर प्लेटचं 'रेडियम' दिसायला सारखंच असलं तरी रेडियम कपड्याला लावू नये. ते पीव्हीसीचं, त्याचा गोंद दाबाने चिकटणारा. इस्त्रीखाली ते आक्रसतं. शिवाय तापवलेलं पीव्हीसी आणि बाळ हे दोन शब्द एका वाक्यात नकोत.

आता हे सगळं बारा दिवसांत का उरकायला लागलं, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी ताईचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. त्या वेळी आम्ही हौसेने फ्रॉक, मोजे, टोपडी असं बरंच काही आधीच आणून ठेवलं होतं. ती पिशवी नंतर कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. तिचं काय करायचं हे कोणी बोललं नाही. त्यामुळे यंदा घरात एकच नियम होता : बाळ हातात येईपर्यंत काहीही आणायचं नाही. हा नियम कोणी मोडायला धजलं नाही. इंटरनेटवर शीट बघून ठेवली होती, पण ऑर्डर टाकली ती मुलगी झाल्याचा फोन आल्यावर, दुसऱ्या दिवशी.

सहाव्या दिवशी शीट घेऊन घरी पोहोचलो, तर आजीने दुसरा नियम काढला. 'नवं कापड पोरीच्या अंगाला लावायचं नाही. पहिलं झबलं जुन्याचंच.' आणि तिने स्वतःचं सुती लुगडं फाडायला घेतलं. मी आधी मनातल्या मनात हसलो. नंतर शीटबरोबर आलेला सूचनांचा कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की, कापड आधी धुऊन घ्या म्हणजे कांजी निघून जाईल आणि जे आटायचं ते आधीच आटेल. नवं सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतं. व्हिनाइल आटत नाही, मग त्याच्याभोवती चुण्या पडतात. आजीचं लुगडं वर्षानुवर्षं धुतलेलं. कांजीचा पत्ता नाही, आटायचं तेवढं आटून झालेलं, आणि मऊ तर असं की हातात धरलंय की नाही कळू नये. सूचनांची पहिली पायरी आजीने मी जन्माला यायच्या आधीपासूनच पूर्ण करून ठेवली होती!

नावाचा प्रश्न मात्र नाजूक. नाव ठेवायचा मान आत्याचा. बारशाला तिने बाळाच्या कानात 'कुर्र' करून सांगेपर्यंत ते गुपित. मामाने आधीच छापून मोकळं व्हायचं म्हणजे सरळसरळ अतिक्रमण. ताईने दहाव्या दिवशी मला एकट्याला नाव सांगितलं, ते सुद्धा कोणाला सांगणार नाही अशी शपथ घालून. ते नाव इथे देत नाही, मोठी झाल्यावर तिने मॅगझिनचा हा अंक बघितला तर माझी खैर नाही. तीन अक्षरी आहे आणि मधल्या अक्षरावर रफार आहे, एवढं पुरे.

कटिंगचं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. चौकातल्या रेडियमवाल्याकडे प्लॉटर असतोच. त्याला दोन गोष्टी सांगायच्या. एक, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कापायची, कारण कापणी गोंदाच्या बाजूने होते. दोन, ब्लेडचा दाब कमी ठेवायचा, म्हणजे फिल्म कापली जाईल पण कॅरियर शाबूत राहील. आधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघायचा.

खरी गंमत देवनागरीची. कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते, शेजारच्या अक्षराच्या रेषेवर थोडी चढलेली. डोळ्यांना अखंड दिसते, पण प्लॉटर बिचारा जिथे रेषा दिसेल तिथे कापतो. म्हणजे शिरोरेषेचे तुकडे! म्हणून मी इंकस्केपमध्ये नाव 'बालू' या गुबगुबीत फाँटमध्ये टाइप केलं (मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा, फुकट मिळतो), त्याचे पाथ केले आणि युनियन करून सगळी अक्षरं एकजीव केली. एकदा हे केलं की देवनागरी इंग्रजीपेक्षा सोपी. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं, धुण्यात एकेक निसटतं. आपल्याकडे अख्खं नाव शिरोरेषेला लटकलेलं. रफारसुद्धा तिलाच धरून. नावात अनुस्वार असता तर तो टिंब तेवढा एकटा पडला असता.

अशा रीतीने अकराव्या दिवशी आत्याच्या आधी रेडियमवाल्याला नाव कळलं. तो म्हणाला, 'छान आहे.' मी त्यालाही शपथ घातली. नंतर घरी सुईने आजूबाजूची फालतू फिल्म, अक्षरांच्या पोटातली सुद्धा, उचलून काढली.

इस्त्रीवरचे ठिपके तुम्ही कधी नीट पाहिलेत का? एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. आमच्या शीटला १५० हवं होतं. मल्टिमीटरची थर्मोकपल वायर लावून पाहिलं तर घरची इस्त्री दिवा लागता-विझता चांगलीच वर-खाली होत होती. म्हणून दिवा विझल्यावर लगेच दाबायचं. दाबाचंही तसंच. वजनकाट्यावर इस्त्री दाबून बघितली, २० किलो भरलं. इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम १०० ग्रॅम! दुकानातला हीट प्रेस याच्या कितीतरी पट दाबतो. त्यामुळे गादीवर किंवा घोंगडीवर हे काम होत नाही, खाली लाकडी पाटच हवा. नाव मी सहा सेंटीमीटरचंच ठेवलं होतं, कारण व्हिनाइल घाम शोषत नाही, बाळाच्या अख्ख्या छातीवर ते पसरणं बरं नाही. जागाही खालच्या घेराजवळची निवडली, जिथे तोंड पोहोचणार नाही. लुगडं विरळ म्हणून आत बटर पेपर घातला, नाहीतर गोंद आरपार गेला असता. एका जुन्या बनियनवर दोन ट्रायल घेतल्या आणि थांबलो.

बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, पेढे फिरले. मी आतल्या खोलीत पाट मांडून, इस्त्री तापवून बसलो होतो. ताई आत आली. झबल्यावर ठेवलेलं नाव तिने बघितलं. माझ्या हातातली इस्त्री घेतली आणि म्हणाली, 'मी दाबते.' वर रुमाल टाकला. सरकवायची नाही, नुसती दाबायची, एवढंच मी सांगितलं. पंधरा सेकंद आजीने मोजले. ताई मान खाली घालून दाबत होती आणि पंधरा झाले तरी इस्त्री उचलेना. आजी म्हणाली, 'बास गं, चिकटलं.'

गार झाल्यावर कॅरियर शीट सोलली. रफारासकट सगळं जागेवर! कापड पूर्ण निवल्यावरच बाळाला झबलं घातलं. पुढे एक दिवस धुवायचं नाही, नंतर उलटं करून धुवायचं, आणि नावावर थेट इस्त्री फिरवायची नाही.

तीन महिन्यांत झबलं आखूड झालं. आपल्याकडे नांदत्या बाळाचे कपडे पुढच्या बाळाला देतात, तसं ते ताईच्या जावेने मागून नेलं. नाव काढून देऊ का, म्हणून मी विचारलं. आतल्या बाजूने तापवून फिल्म ओढता येते, गोंदाचा डाग तेवढा राहतो. जाऊ म्हणाली, राहू दे. तिला मुलगा झालाय. सध्या तो आमच्या भाचीच्या नावाने फिरतो.