आणि कुसळाचे काय?

मराठी माणूस वादात सहसा हरत नाही, कारण मुद्दे संपले तरी त्याच्यापाशी एखादी म्हण शिल्लक असतेच. त्यातही ढोंगीपणावरच्या म्हणींचा साठा आपल्याकडे मोठा. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण', 'आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला', आणि या सर्वांची थोरली बहीण म्हणजे 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही'. कोणी आपली चूक दाखवली की यांपैकी एक म्हण फेकावी. ऐकणारे हसतात, चूक दाखवणारा ओशाळतो आणि विषय संपतो.

विषय खरोखर संपतो का, हा माझा प्रश्न आहे. समजा, ग्रंथालयातल्या एका संदर्भग्रंथाची पाने कोणी विद्यार्थ्याने परीक्षेच्या तोंडावर फाडून नेली. त्याला दुसऱ्याने हटकले. तो ताठ मानेने म्हणाला, "तुझ्या नावावर वर्षभर पडून असलेली दोन पुस्तके आधी परत कर, मग मला शिकव. आपल्या डोळ्यातले मुसळ बघ जरा!" मंडळी हसली. हटकणारा गप्प झाला. पण ती पाने फाटलेलीच राहिली. पुढच्या वर्षी जो कोणी तो ग्रंथ उघडील, त्याला या हजरजबाबीपणाचा काय उपयोग?

अशा वेळी म्हण फेकणारा माणूस न बोलता तीन गोष्टी बोलून जातो. पहिली, माझ्या डोळ्यात कुसळ आहे. दुसरी, तुझ्या डोळ्यात त्याहून मोठे काहीतरी आहे. तिसरी, म्हणून तू बोलू नकोस. यातली पहिली तर सरळ कबुलीच झाली. डोळ्यात काहीच नसते, तर 'नीट बघ, माझा डोळा स्वच्छ आहे' एवढे म्हणून भागले असते. दुसरी गोष्ट खरी असेल किंवा नसेल. तिचा पुरावा कोणी मागत नाही, कारण म्हण यमकात असली की तीच पुरावा वाटते. आणि तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंमधून मुळीच निघत नाही. तुझ्याही डोळ्यात काही आहे यावरून फार तर एवढेच ठरते, की दोघांनाही डोळे धुण्याची गरज आहे.

कुसळ-मुसळाची ही जोडी मराठी बायबलातही भेटते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात येशूने ढोंग्याला फटकारले आहे खरे, पण तो तेवढ्यावर थांबत नाही. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, अशा अर्थाचे त्याचे पुढचे सांगणे आहे. म्हणजे कुसळ काढायचे आहेच! आपण मात्र पहिला अर्धा भाग तोंडपाठ केला आणि दुसरा सोयीने विसरलो.

आपल्या नैयायिकांनी तर हा डाव फार पूर्वी ओळखला होता. वादात ज्या ठिकाणी माणूस हरला असे मानावे, अशी 22 निग्रहस्थाने न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात सांगितली आहेत. त्यांतल्या एकाचे नाव 'मतानुज्ञा'. आपल्यावर आलेला दोष न खोडता तोच दोष समोरच्यावर लादणे, हे त्याचे लक्षण. 'तू चोर आहेस' असे कोणी म्हटल्यावर 'तूही चोर आहेस' असे जो उत्तरतो, त्याने त्या 'ही'मध्येच आपली चोरी मान्य केली. ज्या उत्तराला आपण टाळ्या देतो, त्याला न्यायशास्त्र पराभव म्हणते.

पण ही नुसती तर्कशास्त्राच्या तासाची गोष्ट नाही. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. 1873 साली त्यांची पहिली पत्नी वारली आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याच वर्षी त्यांनी 11 वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्या वेळी ते 31 वर्षांचे होते. त्यांच्यावर टीका झाली आणि ती अयोग्य होती असे कोण म्हणेल? बोलणे आणि वागणे यांत अंतर पडले होते, यात शंका नाही. मात्र त्या अंतरामुळे विधवांवरचा अन्याय एका तसूनेही कमी झाला नव्हता. रानडे चुकले म्हणून एखाद्या बालविधवेचे दुःख खोटे ठरत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला. येथे बोलणे आणि वागणे एकच होते. 'कोरडा पाषाण' म्हणायला जागाच नव्हती. मग सनातनी मंडळींचे समाधान झाले का? कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला! न आचरणाऱ्याला ढोंगी म्हणायचे आणि आचरणाऱ्याला वाळीत टाकायचे. 'आधी करून दाखव' ही मागणी पुष्कळदा खरी मागणी नसते, हे यावरून दिसते. ती पुरी झाली तरी मागणाऱ्याला बदलायचे नसते.

या म्हणी निरुपयोगी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. नियम करणारा स्वतःला नियमातून वगळत असेल, दंड घेणाराच तो गुन्हा रोज करीत असेल, तर दुबळ्याच्या हाती असली म्हण हे एकच शस्त्र उरते. ते त्याने जरूर उगारावे. तेथे प्रश्न अधिकाराचा असतो. 'हे खरे आहे का?' आणि 'मला शिक्षा करण्याचा तुला हक्क आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विडी ओढणारे डॉक्टर 'विडी सोडा' म्हणाले, तर त्यांना दंड करण्याचा हक्क नसेल, पण त्यांचा सल्ला खराच असतो. उलट त्यांचा खोकला त्या सल्ल्याला दुजोराच देतो.

निष्कलंक माणसानेच बोलावे असा नियम झाला, तर वर्गात, घरात, गावात कोणीच कोणाला काही सांगू शकणार नाही. दुसऱ्याचे ढोंग उघडे करण्याच्या आनंदात आपण सगळे मिळून आपल्या चुका सांभाळत बसू. त्यापेक्षा एवढे जमले तरी पुरे : कोणी कुसळ दाखवले की प्रथम आरशात पाहावे, असेल तर 'आहे' म्हणावे आणि मग, हवे तर त्याच बैठकीत, समोरच्याच्या मुसळाची गोष्ट काढावी. त्यात टाळ्या मिळणार नाहीत. पण दोन डोळे साफ होतील, आणि ग्रंथालयातली पाने जागच्या जागी राहतील.