एकच बटण

आज्ञा पाळणे कठीण आणि आज्ञा करणे सोपे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घरी, शाळेत, सैन्यात, सर्वत्र पाळणाऱ्याच्या शिस्तीचे कौतुक होते; आज्ञा करणाऱ्याने काय, नुसता शब्द टाकायचा! हा समज किती अपुरा आहे हे कळायला एखादे लहानसे कामही पुरते. माझ्या वाट्याला आलेले काम होते एक युनिव्हर्सल रिमोट तयार करण्याचे. चार यंत्रांचे चार रिमोट बाजूला ठेवायचे आणि त्या साऱ्यांना हुकूम देऊ शकेल असा एकच रिमोट माझ्या आत्याच्या हाती द्यायचा, एवढेच ते काम.

आत्या साताऱ्यास एकटी राहते. तीस वर्षे तिने प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेतले. आतोबांना संगीताचे विलक्षण वेड. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिवाणखान्याच्या एका भिंतीशी जणू लहानसे नाट्यगृहच उभे केले होते: मोठा टीव्ही, ॲम्प्लिफायर, डिस्क प्लेअर, सेट-टॉप बॉक्स आणि खोलीत ठिकठिकाणी मांडलेले पाच स्पीकर. आतोबा होते तोवर या सगळ्या रथाचे सारथ्य त्यांच्याकडे होते. ते गेले, आणि वेताच्या टोपलीत चार रिमोट उरले. मी सहज मोजली, तर चौघांवर मिळून १८३ बटणे भरली. आत्याची दृष्टी आता मंदावली आहे. बटणांवरची बारीक अक्षरे तिला दिसत नाहीत. काही ऐकावेसे वाटले, की तिला शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाची वाट पाहावी लागे.

“मुलगा गुणी आहे रे,” ती मला म्हणाली, “पण त्याला सवड असेल तेव्हाच मला ऐकावंसं वाटलं पाहिजे, हे कसं जमायचं?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु जन्मभर स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या बाईला परावलंबन किती बोचते, हे त्या एका वाक्याने मला सांगितले.

हे यंत्र आज्ञा देते तरी कसे? टीव्हीला दुरून हुकूम देण्याची माणसाची खटपट पुष्कळ जुनी आहे. १९५० मध्ये अमेरिकेतील झेनिथ कंपनीने जो रिमोट विकायला काढला, त्याला लांबलचक वायर होती. १९५५ मध्ये त्याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी वायर काढून टाकली आणि विजेरीसारख्या उपकरणातून प्रकाशाचा झोत पडद्याच्या कोपऱ्यांवर टाकण्याची युक्ती योजली. पण उन्हाची तिरीप आत आली, की ती हीच आज्ञा समजून टीव्ही आपल्या मनाने वागू लागे. पुढल्याच वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलर यांच्या रिमोटने प्रकाशाऐवजी ध्वनीचा आश्रय घेतला. बटण दाबले, की आतली इवलीशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा नाद टीव्हीपर्यंत पोहोचे. त्याला बॅटरीसुद्धा लागत नसे!

आजच्या बहुतेक साध्या रिमोटांत पुन्हा प्रकाशच आहे. मात्र तो आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. रिमोटचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुष्कळदा पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकताना दिसेल. मग उन्हातही अवरक्त किरण असतात, त्यांनी घोटाळा का होत नाही? कारण रिमोट नुसता प्रकाश पाठवीत नाही. तो प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा फडफडतो आणि टीव्हीचा डोळा तेवढीच फडफड ओळखतो. या फडफडीच्या तुटक झोतांमधल्या लहानमोठ्या विरामांतून शून्य आणि एक हे अंक तयार होतात, व त्या अंकांची आज्ञा बनते. एका प्रचलित पद्धतीत आधी कोणत्या यंत्राला हाक मारायची ते सांगितले जाते, मग काय करायचे ते. शिवाय प्रत्येक गोष्ट एकदा सुलट आणि एकदा उलट, म्हणजे शून्याच्या जागी एक व एकाच्या जागी शून्य घालून, पाठवली जाते. दोन्ही जुळले तरच यंत्र ती आज्ञा मानते. आपण गणिताचा ताळा पाहतो, तसाच हा ताळा! आणि हे सारे सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात उरकते.

प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी, म्हणून रिमोटही वेगळे. युनिव्हर्सल रिमोट हा या घरातला दुभाषा होय. पुष्कळ कंपन्यांचे संकेत त्याच्या स्मरणात आधीच भरलेले असतात; पुस्तिकेत पाहून योग्य तो क्रमांक दिला, की त्याला ती भाषा येऊ लागते. जे संकेत त्याच्याजवळ नसतात, ते तो शिकून घेतो. जुना रिमोट आणि नवा रिमोट समोरासमोर धरायचे, जुन्याचे बटण दाबायचे. नवा ते मुकाट्याने ऐकतो आणि लक्षात ठेवतो. ॲपलच्या संस्थापकांपैकी एक असलेले स्टीव्ह वॉझनियॅक यांनी १९८७ मध्ये असाच एक शिकणारा रिमोट बाजारात आणला होता.

आतोबांच्या डिस्क प्लेअरचे संकेत मी याच रीतीने शिकवले. भाषांचा प्रश्न तासाभरात सुटला. खरी कसोटी पुढेच होती.

आत्याला हवे होते एकच बटण. ते दाबले, की टीव्ही लागावा, ॲम्प्लिफायर जागा व्हावा, दोघांनी डिस्क प्लेअरकडे कान द्यावा आणि गाणे सुरू व्हावे. असा आज्ञांचा क्रम एका बटणात भरून ठेवता येतो. परंतु बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद करण्याचे बटण एकच असते. टीव्ही आधीच चालू असेल, तर ‘ऊठ’ म्हणून दिलेला हुकूम त्याला ‘झोप’ असा ऐकू जातो! आणि रिमोट तर टीव्हीचे उत्तर ऐकतच नाही. समोरचा जागा आहे की निजला आहे, हे त्याला मुळीच ठाऊक नसते. यावर एक उपाय होता. पुष्कळ यंत्रांना ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोन स्वतंत्र आज्ञाही समजतात. त्यांची बटणे मात्र मूळ रिमोटवर दिलेली नसतात. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्यासाठी त्या आज्ञा मला संकेतांच्या यादीत सापडल्या. निजलेला डिस्क प्लेअर ‘वाजव’ म्हटले, की आपोआप जागा होई, आणि जागा असला तर नुसता वाजवू लागे. आता कोण कोणत्या अवस्थेत आहे याची चिंता उरली नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाला लगेच काम सांगितले, तर ते त्याच्या कानांवरून जाते. यंत्रांचेही तसेच आहे. म्हणून पहिल्या दोन आज्ञांनंतर मी पाच सेकंदांचा विराम ठेवला. सगळा क्रम पुरा व्हायला सुमारे दहा सेकंद लागू लागले आणि तेवढा वेळ रिमोटचे तोंड यंत्रांकडेच धरून ठेवणे आवश्यक होते. हात खाली गेला, तर उरलेल्या आज्ञा जमिनीवर सांडणार. दहा सेकंद मोजायचे कसे, हे आत्याला समजावून सांगण्यासाठी मी शब्द जुळवीत होतो, तोच ती म्हणाली, “दोनाचा पाढा म्हणते की! बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत.” मी घड्याळ लावून पाहिले, तिच्या संथ, शिस्तीच्या चालीत पाढा बरोबर दहा सेकंदांत संपला.

तरीही ॲम्प्लिफायर काही हलेना. कारण पाहू लागलो, तो धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर घातलेला आत्याच्या हातचा क्रोशाचा रुमाल पुढच्या बाजूला दोन बोटे उतरला होता आणि नेमका त्याचा डोळा झाकत होता. रुमाल मागे सरकवला आणि आज्ञेची वाट मोकळी झाली. शेवटी ते बटण हाताला ओळखू यावे म्हणून त्यावर मोहरीचा एक दाणा चिकटवला. आत्याने डोळे मिटून बोट फिरवले आणि ती हसली.

पहिल्याने तिने लावली ती आतोबांनी जपून ठेवलेली एक डिस्क. गावातल्या एका मैफलीचे ते चित्रण होते आणि अखेरीस आभार मानायला स्वतः आतोबा उभे राहिले होते. त्यांचे आभारप्रदर्शन नेहमीच लांबत असे. गायन चालू असताना आत्या स्वस्थ बसली होती. आतोबांचा आवाज आला तशी ती पुढे सरकली.

“एरवी मी याच वेळी चहा ठेवायला उठायची,” ती म्हणाली. त्या दिवशी ती उठली नाही.

मला वाटते, आज्ञा करणाराला निदान चार गोष्टींचे भान असले पाहिजे: ज्याला सांगायचे त्याची भाषा, त्याची सध्याची अवस्था, त्याला लागणारा वेळ आणि आपला शब्द त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट. आपण माणसे मात्र पुष्कळदा यांतले काहीच न पाहता हुकूम सोडतो, आणि तो पाळला गेला नाही की समोरच्याला आळशी ठरवतो. रिमोटला उत्तर ऐकता येत नाही, हा त्याचा नाइलाज आहे. आपल्याला तर कान आहेत.

परवा साताऱ्यात दिवसभर वीज जात येत होती. अशा वेळी कोणते यंत्र जागे होईल आणि कोणते निजून राहील, याचा नेम नसतो. काळजी वाटून मी संध्याकाळी आत्याला फोन केला. पलीकडे गाणे चालले होते. शेजारचा मुलगाही तेथे बसला होता. “तो आता आपणहून ऐकायला येतो,” असे सांगून आत्याने घाईघाईने फोन ठेवला.