खुंटा हालवून सैल

छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा पहिला प्रश्न लेण्यांचा विचारतो, दुसरा हिमरू शालींचा, आणि खाण्याचा शौकीन असला तर तिसरा नान-खलियाचा. मोटारीच्या वायपरची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. तो काचेवरून इकडून तिकडे फिरत असतो तोवर त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो थांबला, की मात्र दुसरे काही सुचत नाही!

हे गाव तसे मोटारींच्या ओळखीचे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या. आणि २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या हौशी मंडळींनी सुमारे दीडशे मर्सिडीज एकाच खेपेला विकत घेऊन साऱ्या देशाला तोंडात बोट घालायला लावले. पण कारखान्यातून चकचकीत बाहेर पडलेली मोटार असो की आमच्यासारख्यांच्या दारात कडुनिंबाखाली उभी असलेली असो, मराठवाड्याची धूळ दोघींना सारखेच वागवते.

इथला वायपर वर्षाचे आठ महिने नुसता ऊन खात पडतो. चैत्र-वैशाखात त्याचे रबर कडक होते, सांध्यांत माती बसते, काचेखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीत निंबाच्या काड्या आणि पाने साचतात. मग मृगाचे पाणी येते. साचलेल्या कचऱ्याने ते वाहून जात नाही. आतल्या दांड्यांच्या जोडणीवर गंज चढतो. ती जोडणी साफ करून वंगण द्यायचे, तर आधी वरचे दोन्ही वायपर काढावे लागतात. आणि ते सहसा निघत नाहीत.

का निघत नाहीत? वायपरचा दांडा ज्या लोखंडी खुंटावर बसतो, तो खुंट वरच्या अंगाला निमुळता असतो आणि त्याला बारीक दाते असतात. वरून नट आवळला, की दांडा त्या उतारावर घट्ट दाबला जातो. दांड्याचे बूड बहुधा ॲल्युमिनियमच्या जातीचे, खुंट पोलादाचा. दोन निराळ्या धातूंच्या मध्ये पाणी शिरले, की पांढरट भुकटी धरते, फुगते आणि दोघांना एकमेकांत जखडून टाकते. नट काढला तरी दांडा जागचा हलत नाही. जात्याच्या खुंट्यासारखेच हे: ठोकून बसवलेला खुंटा उपटायला गेले, तर तो हाती येत नाही, मनगट मात्र दुखते.

इथेच माणसाचा संयम सुटतो. कोणी स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून उचकटतो, कोणी हातोडी घेतो. समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा. ती चुरा होऊन अंगावर येत नाही खरी, पण कडेला एक टवका उडाला, की तडा हळूहळू मध्यापर्यंत चालत जातो. वायपर सुटतो आणि काच जाते. म्हशीपरीस रेडकू मोठे, असा हा व्यवहार!

गेल्या ज्येष्ठात आमच्या मोटारीचा वायपर असाच अडकला, तेव्हा गल्लीच्या तोंडावरचे वयस्क मिस्त्री आले. मी हात घालण्याआधीच म्हणाले, “जोर नक्को, साब. सबर रखो.” मराठी शिकवणाऱ्याचे कान त्या ‘नक्को’वर टवकारले. आपल्या ‘नको’ने दखनीत जाऊन एक ‘क्’ जादा मिळवला आणि तिथेच संसार थाटला. वली दखनीच्या या गावात भाषा अशा शेजारधर्माने नांदत आल्या आहेत. पण त्या घडीला मला भाषेपेक्षा ‘सबर’ अधिक उपयोगी होती.

त्यांचे काम पाहण्याजोगे होते. आधी वायपर एकदा चालू करून बंद केले, म्हणजे ते आपल्या ठरल्या जागी विसावले. मग किल्ली काढून घेतली. काचेवर दोन्ही पट्ट्यांच्या कडेने चिकटपट्टीची खूण केली. परत बसवताना वायपर एक दातभर जरी सरकला, तरी तो चौकटीवर आपटतो. काचेवर जाड टॉवेल घडी करून टाकला, कारण उचललेला दांडा स्प्रिंगच्या जोराने परतला तर त्याचा एकच फटका पुरतो.

नखाने टोपण काढले. नट सैल केला, पण पुरता काढला नाही. खुंटाच्या टोकाशी राहू दिला, म्हणजे आटे शाबूत राहतात आणि दांडा एकदम उसळत नाही. बुडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन फवारे दिले, आणि पंधरा मिनिटे चहा! या पंधरा मिनिटांचा कंटाळा करणारा माणूस पुढे तासभर घाम गाळतो.

चहा झाल्यावर त्यांनी दांडा अगदी बुडाशी धरून वर-खाली हलकेच हालवायला घेतला. वायपर ज्या दिशेने काच पुसतो, त्या दिशेने नव्हे. तसे केले तर सारा ताण आतल्या जोडणीवर आणि मोटरच्या दात्यांवर येतो. उजवीकडचा सुटला. डावीकडचा हटवादी निघाला. मग खिशातून एक छोटा पुलर निघाला: दोन पाय, मध्ये एक आट्यांचा दांडू. पाय वायपरच्या बुडाखाली, दांडूचे टोक खुंटाच्या डोक्यावर. पाव वळसा, थोडे तेल, पुन्हा पाव वळसा. ‘टक्’ असा आवाज झाला आणि वायपर हातात आला. ना ओरखडा, ना तडा.

आपल्याकडे खुंटा हालवून बळकट करतात, असे मी मुलांना शिकवतो. खुंटा हालवून सैलही करता येतो, हे मला मिस्त्रींनी शिकवले. पुढचे काम सोपे होते. जुन्या दात घासायच्या ब्रशने दाते साफ केले, पांढरी भुकटी झाडली, जाळीतला पाचोळा उपसला, जोडणीला वंगण दिले, खुंटावर ग्रीसचे बोट फिरवले आणि खुणेबरहुकूम वायपर बसवून नट बेताने आवळला. कोरड्या काचेवर फिरवू नये म्हणून आधी तांब्याभर पाणी ओतले, मग बटण दाबले.

अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईने १९०३ मध्ये काच पुसण्याच्या अशा साधनाचे पेटंट घेतले, तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. मनावर घ्यायचे तर श्रावणात चाळीसगावच्या वाटेने निघावे. कन्नड मागे पडते आणि औट्रम घाट सुरू होतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धुक्याने भरलेली दरी. समोरून येणारी गाडी चिखलपाण्याची ओंजळ काचेवर फेकते, आणि क्षणभर जगच पुसले जाते. मागच्या बाकावर मुले भेंड्या लावीत असतात, घरची मंडळी डबा उघडीत असतात. त्या साऱ्यांचा भार त्या क्षणी एका हातभर दांड्यावर असतो.

तो दांडा एकदा सरकतो. काचेत पुन्हा रस्ता उमटतो, वळणावरचा पांढरा कठडा दिसतो, आणि खाली धुके फाटून खानदेशची हिरवी जमीन वर येते. तेव्हा वाचकहो, पुढच्या मृगाआधी एखादा रविवार, एक टॉवेल आणि पंधरा मिनिटांची सबर राखून ठेवा. जोर मात्र नक्को!