साप्ताहिक सभा

चारचौघांत बसून बोलण्याचा आम्हां वऱ्हाडी लोकांना कंटाळा आहे, असे कोणीही म्हणणार नाही. पारावर बसलो, तर कापसाच्या भावापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत आमची चर्चा दिवेलागणीपर्यंत अखंड चालते. तथापि हीच रसिक मंडळी दर शनिवारी ‘साप्ताहिक सभा’ या नावाखाली एका टेबलाभोवती बसविली, की मौनी बनतात. अकोल्याच्या व अमरावतीच्या महाविद्यालयांत मिळून तीस वर्षांत अशा हजारभर सभा तरी मी पाहिल्या असतील.

बहुतेकांचा साचा एकच. आदल्या दिवशीच प्रत्येकाने भ्रमणध्वनीवर वाचलेले परिपत्रक प्रमुख मोठ्याने वाचून दाखवितात, एखादे ज्येष्ठ गृहस्थ आपल्या काळच्या शिस्तीची आठवण सांगतात, आणि मग चहा येतो. चहानंतर सभा संपावयाची, हा नियम इतका दृढ, की एकदा आम्ही थोडे अधिक रेंगाळलेले पाहून शिपायाने, “चाय तं झाला, आता बसले काऊन?” असे निरागसपणे विचारले होते. ‘नॅक’च्या समितीचा फेरा जवळ आला, की कार्यवृत्त लिहिण्यास मात्र उत्साह चढतो. ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव एकमताने संमत झाला’ हे वाक्य तर आमच्या वह्यांतून छापाप्रमाणे उमटलेले असते.

या एकमताची एक हकिगत सांगण्याजोगी आहे. एका महाविद्यालयात पहिला तास सकाळी साडेसातला घेण्याचे ठरले. ठरले म्हणजे प्रमुखांनी सांगितले व इतरांनी माना डोलावल्या. टेबलाच्या अगदी टोकाला तासिका तत्त्वावरील एक तरुण अध्यापिका बसत असत. त्या स्वतः एस.टी.ने ये-जा करीत. खेड्यांतील मुलींना आणणारी पहिली गाडी आठच्या आत शहरात पोहोचत नाही, हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही. आणि जिची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हावयाची, ती न विचारता बोलणार कशी? दिवाळीपर्यंत दोन मुलींनी शिक्षण सोडले. एकीचे घरच्यांनी लग्न उरकून टाकले. वहीत एकमत होते तसेच राहिले.

ज्यूंच्या प्राचीन न्यायसभेत देहान्ताच्या खटल्यात मते घेण्यास कनिष्ठांपासून आरंभ करीत. श्रेष्ठांचे मत आधी कानी पडले, की कनिष्ठांचे ओठांवरच थिजते, हे त्या लोकांनी फार पूर्वी ओळखले होते. पण इतके दूर तरी कशाला जावे? आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा हे छोटेसे गोंड गाव आहे. तेथील अभ्यासगट प्रश्नाची माहिती जमवितो, उलटसुलट खल करतो, परंतु निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. सहमती न झाल्यास विषय पुन्हा पुढच्या बैठकीत. या पद्धतीला वेळ लागतो खरा. पण याच गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला व २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही पदरात पाडून घेतला. आम्ही पदवीधर मंडळी माहिती, चर्चा व निर्णय यांची एकाच तासात खिचडी करतो, आणि ती करपली म्हणून एकमेकांवर रुसतो.

अमरावतीस विभागाची धुरा माझ्याकडे आल्यापासून परिपत्रके भिंतीवर गेली आहेत. ज्यात सर्वांनी मिळून काही ठरवावयाचे आहे, असेच विषय सभेत येतात, आणि तेही तीनच. असा विषय नसेल, त्या शनिवारी सभा नाही. आरंभी मागील ठराव, त्याची जबाबदारी घेतलेल्याचे नाव व तारीख एवढेच वाचले जाते. प्रथम बोलावयाचे सर्वांत नव्या सहकाऱ्याने, शेवटी मी. ज्येष्ठांना आरंभी हा आपला उपमर्द वाटला. एका स्नेह्यांनी तर दोन सभा केवळ खिडकीबाहेर पाहण्यात घालविल्या!

गेल्या हंगामात वेचणीमुळे गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या अंतर्गत गुणांचा प्रश्न निघाला. एरवी वीस मिनिटांत संपणारी सभा त्या दिवशी दोन तास चालली. नव्या अध्यापकाने, स्वतः शेतकऱ्याचा मुलगा असल्याने, कोणत्या गावी वेचणी कधी आटोपते हे सांगितले. खिडकीकडे पाहणारे स्नेही नियमाच्या बाजूने आवेशाने भांडले. अखेर जानेवारीत पुन्हा चाचणी घेण्याचे ठरले, आणि तिची प्रश्नपत्रिका काढण्याचे काम त्या स्नेह्यांनीच मागून घेतले. त्यांचा विरोध मात्र कायम होता. तोही त्यांच्या नावासह वहीत लिहिलेला आहे.