गढीखालचे गाडे

जपानी भाषेत ‘जोकामाची’ असा एक शब्द आहे. ‘जो’ म्हणजे किल्ला, ‘का’ म्हणजे खाली, ‘माची’ म्हणजे गाव. किल्ल्याखालचं गाव. आपल्या गडांच्या माचीशी या माचीचं काही नातं नाही, पण शब्द कानाला परका वाटत नाही. ऑफिसातला एक मित्र सहा महिने नागोयाला होता. तिथून जवळच इनुयामा आहे. किसो नदीच्या काठावर टेकडी, टेकडीवर सोळाव्या शतकातला किल्ला आणि खाली जुन्या लाकडी घरांचा रस्ता. लोक किल्ला बघतात आणि मग त्या रस्त्यावर काडीला लावलेलं काहीबाही खात हिंडतात. त्यातला गोहेइमोची म्हणजे कुटलेला भात काडीवर थापायचा, वर मिसोची गोडसर चटणी लावायची आणि निखाऱ्यावर भाजायचा. मित्राने फोटो दाखवले आणि विचारलं, “तुमच्या बारामती-इंदापूरकडे असं काही असेल ना?”

वडील बारामतीचे, आई इंदापूरची. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे, इंदापुरात मालोजीराजांची गढी. म्हणजे जोकामाची एक सोडून दोन. दोन्हीकडे लहानपणापासून खात आले आहे, पण ‘गढीखाली काय मिळतं’ अशा नजरेने कधी खाल्लं नव्हतं. डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी मामेभावाला सोबत घेतलं आणि तेवढ्यासाठीच निघाले.

बारामतीचे नाईक पेशव्यांचे सावकार आणि व्याहीही. बाबूजींचा भाऊ आबाजी हा बाळाजी विश्वनाथांचा जावई. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले तेव्हा पेशवाई बाबूजींना मिळावी म्हणून रघूजी भोसल्यांनी जोर लावला होता. ती मिळाली नाही. बारामतीला मात्र नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत मिळाले. पंतांनी इथंच पुराण सांगितलं, आर्यांचे ढीग रचले आणि १७९४ मध्ये इथंच देह ठेवला. एवढा सगळा जुनेपणा एका नदीकाठी आहे. संध्याकाळी गावात गाडे लागतात त्यावर मात्र वडापाव, पाणीपुरी, भेळ, चायनीज आणि हल्ली मोमो.

आम्ही भेळ घेतली. आमच्याकडची भेळ म्हणजे मुंबईची चिंचेच्या पाण्यात भिजलेली भेळ नव्हे. चुरमुरे, फरसाण, शेंगदाणे, बचकभर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, वरून लिंबू आणि कागदाच्या कडेला एक हिरवी मिरची. “ताई, तिखट चालंल ना?” एवढं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता टाकतात. खाताना मी मनात एकेक जिन्नस मोजत होते. मिरची अमेरिकेतून आली. शेंगदाणा, टोमॅटोही तिकडचेच. दुसऱ्या दिवशी इंदापुरात वडापाव खाल्ला तेव्हाही तेच. बटाटा अमेरिकेचा, पाव पोर्तुगीजांचा आणि दोघांची जोडी जमली ती १९६०च्या दशकात दादर स्टेशनबाहेर. मालोजीराजांच्या पंगतीत यातलं जवळजवळ काहीच नसणार. गढी चारशे वर्षांची आणि तिच्याखालचा वडापाव माझ्या वडिलांच्या वयाचा.

मग जुनं काय? भेळेनंतर रस प्यायला गेलो तिथं थोडा उलगडा व्हायला लागला.

रसवंती आता पेट्रोल पंपाइतकी नेहमीची झाली आहे. चरकाला घुंगरं, काउंटरवर लिंबू आणि आलं, पाटीवर नवनाथ किंवा कानिफनाथ. महाराष्ट्रभर ही नावं दिसतात, कारण हा धंदा गावोगाव नेला तो पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या परिसरातल्या लोकांनी. बोपगावला कानिफनाथांचा गड आहे. पुरंदर कोरडा. त्याच तालुक्यातून कऱ्हा वाहत बारामतीला येते. अत्र्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिलं, पण त्या पाण्यावर ऊस उभा राहत नाही. बारामतीचा ऊस नीरेच्या पाण्यावरचा. १८७६-७७च्या दुष्काळानंतर सरकारला कालव्यांची निकड पटली, नीरेचा डावा कालवा निघाला, पुढे भाटघरचं धरण झालं आणि कालव्याच्या खालच्या अंगाची जमीन हिरवी झाली. वरच्या अंगाला सुपे-मोरगावकडची गावं मात्र तशीच राहिली. आमच्याकडे लोक आजही सोयरीक बघताना ‘बागायती का जिरायती’ हे आधी विचारतात. तालुका एक, पण एका बाजूला को-८६०३२ उसाचे फड आणि दुसऱ्या बाजूला हुलगा, बाजरी आणि मार्चपासून टँकर. या उसाच्या वाणाचं नावही ‘नीरा’च.

म्हणजे ग्लासातला रस ही कालव्याची चव आहे. तो गाळणारा मात्र बहुतेक वेळा कालवा न पोचलेल्या गावचा. हे लक्षात आल्यावर गाड्यांकडे बघायची माझी नजर बदलली. इथं राजाने किंवा सावकाराने काय खाल्लं ते गाड्यावर मिळत नाही. पाणी कधी कुठं आलं आणि कुणाकडे आलं नाही, ते मिळतं.

बारामतीहून इंदापूरला जाताना निमगाव केतकी लागतं. इथले पानमळे प्रसिद्ध. नागवेलीला सावली लागते आणि रोजचं पाणी लागतं. भर उन्हात मळ्यात शिरलं की अंगावर एकदम गारवा येतो. टपरीवर साधं पान घेतलं. चुना, कात, सुपारी, बडीशेप. जेवणावर दोन दिवसांत जेवढा खर्च केला त्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुनी वस्तू हीच असावी. विडा मालोजीराजांनाही ओळखू आला असता.

इंदापूर हे मालोजीराजांच्या शेवटाचं गाव. शिवाजीमहाराजांचे हे आजोबा इथल्या लढाईत पडले. गढी म्हणून आज जे उरलंय ते मातीचं उंचवट्याचं रूप, तट-बुरुजांचे अवशेष. इनुयामासारखा तिथं तिकीट काढून चढायचा मनोरा नाही. गावचं दैवत चाँदशाहवली बाबा. त्यांच्या उरुसात गोडीशेव, जिलेबी, रेवड्या आणि भेळेची पालं लागतात. लहानपणी माझ्यासाठी इंदापूर म्हणजे हाच उरूस होता. गढी शाळेच्या पुस्तकातली, गोडीशेव हातातली.

पण हुलग्याचं माडगं कुठल्याच गाड्यावर नाही. बाजरीची भाकरी-कांदा नाही, कण्या नाहीत. याबद्दल मी आजीला विचारलं. आजी म्हणजे आईची आई. मामाकडे असते, इंदापुरात.

“माडगं कोण इकत घील?” ती म्हणाली. “ते भूक लागल्यावर प्यायचं असतं.”

तिच्या दृष्टीने गाड्यावरचं खाणं म्हणजे भूक नसताना खायचं ते. तिच्या लहानपणी बाजाराला गेलेला माणूस येताना भेळ आणि गोडीशेव आणायचा. पुडी सोडली की पहिली मूठ धाकट्याची. तिला ‘जुनी चव’ म्हटलं की ती पुडी आठवते, माडगं नाही. माडगं दुष्काळाचं. पुण्याहून लोक हुरडा खायला येतात, चुलीवरचं पिठलं मागतात, याचं तिला हसू येतं. ज्या जेवणातून सुटका व्हावी म्हणून तीन पिढ्यांनी पाण्यासाठी जीव काढला, ते जेवण माणशी पैसे मोजून खायचं कशाला, असा तिचा सरळ हिशोब.

एकदा मात्र हे जेवण रस्त्यावर येतं. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. काटेवाडीला पालखीसाठी धोतराच्या पायघड्या घालतात, बेलवडीला रिंगण होतं. त्या दिवसांत घराघरांतून भाकऱ्यांच्या चवडी आणि पिठल्याची पातेली बाहेर पडतात. मामी पहाटे तीनला उठून भाकरी थापायला बसते. हे सगळं फुकट. गढीखालच्या गावाची खरी जुनी चव विकतच नाहीत, वाटतात. आणि तीही घरच्यांना नाही, वाटसरूंना.

रविवारी दुपारी शेवटचा मुक्काम मच्छीचा होता. पुणे-सोलापूर रस्त्याला इंदापूर सोडलं की पळसदेव, भिगवणपर्यंत उजनीचं पाणी सोबत करतं. भीमेवरचं हे धरण १९८०चं, ११७ टीएमसीचं. त्याच्या फुगवट्याने इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत समुद्रासारखं पाणी झालं. आता तिथं हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि वर्षभर मासे. चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम. भिगवणला मासळीचा मोठा बाजार भरतो. रस्त्याच्या कडेला ‘मच्छी थाळी’च्या पाट्या संपता संपत नाहीत. चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ मध्ये आणली आणि इथल्या पाण्यात तिने चांगलाच जम बसवला. तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तळली की काट्यासकट कुरकुरीत होते.

आम्ही निघालो तेव्हा आजी म्हणाली, “मी बी येते.”

मामा चपापला. आजी माळकरी. “आई, मच्छीच्या हॉटेलात येती?”

“मी काय खायला चालले न्हाई. पाणी बघाया चालले.”

आजीचं सासर या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा ती माझ्या आत्ताच्या वयाची होती. दोन लेकरं कडेला आणि तिसरं, म्हणजे माझी आई, पोटात. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक होड्यांतून बघायला जातात, बातम्या छापून येतात. आजीच्या गावात एवढं मोठं देऊळ नव्हतं. म्हणून त्याची बातमी कधी आली नाही.

हॉटेलच्या मागच्या बाजूला पाण्याकडे तोंड करून ‘फॅमिली’साठी वेगळी शेड होती. आजीला कडेला बसवलं. आमची थाळी आली: तळलेली चिलापी, रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू. आजीने पिशवीतून स्वतःची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मी घास घेईना तेव्हा तिनेच विचारलं, “का गं?”

“तुला कसंतरी वाटत असंल.”

“मला?” ती म्हणाली. “मासं काय गाव बुडवाया आलं व्हतं? खा. गार झाल्यावर वास मारतंय.”

मी खाल्लं. मासा उत्तम होता. हे लिहिताना काहीतरी जड वाक्य लिहावंसं वाटतं, पण त्या वेळी मासा उत्तम होता आणि भूकही होती. याच धरणाच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यातली हजारो एकर जमीन भिजते, तिथल्या उसाला भाव मिळतो, काठच्या भोयांच्या मुलांना होडी आणि जाळं मिळतं. आजीच्या कुटुंबाला बदल्यात मिळालेल्या जमिनीत पहिली काही वर्षं हुलगाच पिकत होता. हे सगळं एकाच पाण्याचं, आणि एका थाळीत त्याचा निवाडा होत नाही.

पाणी द्यायला आलेला पोरगा अठरा-एकोणीसचा असेल. आजीने त्याला थांबवलं आणि बोटाने दाखवलं. “त्या होडीच्या पल्याड, ती झुडपं दिसत्यात, त्याच्या रेषंत पाणी किती असंल रं?”

त्याने हात कपाळावर धरून बघितलं. “आज्जी, तिथं आमचा बाप जाळं टाकतो. तीस-पस्तीस फूट असंल सध्या. का वो?”

“पिंपळ व्हता तिथं आमचा.”

“मग दिसायचा न्हाई.”

“न्हाई,” आजी म्हणाली. मग थोडा वेळ मनातल्या मनात काहीतरी मोजलं. “शेंडा पण दिसायचा न्हाई.” आणि त्याच्या हातात चटणीची चिमूट ठेवत तिने विचारलं, “तुमी कंच्या गावचं?”

त्याने सांगितलेलं गावही पाण्यातलंच निघालं. मग आजीने त्याच्या आजीचं माहेर विचारलं, चुलत्याचं नाव विचारलं आणि आत दुसऱ्या टेबलवाले हाका मारत असताना तो दहा मिनिटं तिथंच उभा राहिला.